त्या चार गंगा यादीतून काढाव्यात

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या रविवारी राजापूरच्या गंगेविषयी, म्हणजे इथल्या कोरड्या कुंडांत अधूनमधून अचानक येणाऱ्या पाण्याविषयी, एका अभ्यासू वाचकांचं पत्र आलं आहे. गंगेच्या आगमनाच्या तारखा ते कित्येक वर्षं गोळा करत आहेत. यादीत त्यांनी या वेळी १९५९ ते १९६१ मधल्या पाच नव्या तारखा घातल्या आणि आधार म्हणून ‘राजापुरातल्या एका जुन्या व्यापारी घराण्याची पोस्टकार्डं’ असं लिहिलं. ते व्यापारी घराणं म्हणजे आम्ही. पाचांपैकी चार वेळा गंगा आलेली नव्हती. त्या चार तारखा यादीतून काढाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

खरं तर मजकूर इथंच संपतो. मी त्या गृहस्थांना फोनवर एवढंच सांगितलंही होतं. पण त्यांनी विचारलं, पुरावा काय? विचारणं रास्त आहे. शिक्का मारलेलं कार्ड समोर असताना साठ वर्षांनी कोणीतरी उठून ‘गंगा आली नव्हती’ म्हणतो, तर माणूस पुरावा मागणारच. आणि पुरावा द्यायचा म्हटलं की आमच्या घरातली जी गोष्ट आम्हालाच गेल्या चैत्रापर्यंत ठाऊक नव्हती, ती सांगावी लागते. आत्याची परवानगी घेतली आहे. तिचं वय ८४, कान शाबूत, स्वभावही शाबूत. तिच्या अटी दोन: कुणाचं नाव छापायचं नाही, आणि तिच्या यजमानांचा फोटो पाठवायचा नाही, कारण लग्नातल्या फोटोत त्यांनी डोळे मिटलेले आहेत.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. राजापूरहून अर्जुना नदी ओलांडून उन्हाळे गावी गेलं की खाली गरम पाण्याचा झरा लागतो. तो बारा महिने वाहतो. वर चढून गेलं की गंगातीर्थ: दगडी आवार, चौदा कुंडं, वडाच्या मुळाशी मूळगंगा, काशीकुंडावर गोमुख. एरवी ही कुंडं कोरडी असतात. मग एखाद्या दिवशी कुणाला न विचारता पाणी येतं, काही आठवडे किंवा महिने राहतं आणि आलं तसं निघून जातं. दर तीन वर्षांनी गंगा येते असं आमच्या लहानपणी सांगत. अलीकडं तिनं ते वेळापत्रक गुंडाळून ठेवलंय. भूशास्त्रवाले म्हणतात, डोंगराच्या पोटातल्या पोकळीत पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उपसा सुरू होतो आणि पोकळी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. भाविक सांगतात, पंढरीची वारी करणारे एक शेतकरी, गंगाजी साळुंखे, म्हातारपणी थकले, तेव्हा गंगाच त्यांच्या शेतात आली. मला दोन्ही पटतं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गंगा आली की जादा गाड्या सोडायच्या, चालक-वाहक कुठून आणायचे, या विचारात ती का आली हे विचारायला मला कधी सवड झाली नाही.

आता कार्डांकडं येतो. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, वारल्यावर तिच्या नातवानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात गिरणीतली हजेरीची कार्डं, चाळीच्या भाड्याच्या पावत्या, बोटीच्या तिकिटाचा एक तुकडा आणि सुतळीनं बांधलेली पाच पोस्टकार्डं निघाली. पाचांवर मजकूर एकच: ‘गंगा आली. इकडील सर्व क्षेम. कळावे.’ खाली सही नाही. पत्ता अण्णांचा, लालबागच्या चाळीचा. शिक्का राजापूरचा. नातू पुण्याला संगणकाच्या कामात असतो. त्यानं फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, तिथून ते कुणाकुणाच्या हातून त्या अभ्यासू वाचकांपर्यंत गेले. त्यांनी काम चोख केलंय. दोन कार्डांवर शिक्क्यातलं वर्ष पुसट आहे, पण किमतीपुढं ‘न. पै.’ आहे, म्हणजे कार्ड १९५७ च्या एप्रिलनंतरचं आणि १९६४ च्या जूनच्या आधीचं, हे त्यांनीच ताडलं. (नव्या पिढीसाठी: १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नये पैसे आले आणि १ जून १९६४ पासून त्यांतलं ‘नये’ गेलं.) काळ बरोबर, शिक्का बरोबर. फक्त गंगा नव्हती.

मला शंका आली ती पत्त्यावरून. आमच्या घरातून अण्णांना कार्ड जाईलच कसं? अण्णांचं घर आमच्याच वाडीतलं, मध्ये फक्त एक व्हाळ, म्हणजे ओढा. पण दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. कारण पालखी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचवायची, यावरून दोन्हीकडच्या पणजोबांचं वाजलं आणि आजोबांच्या काळात ते राजापूरच्या दिवाणी कोर्टात पोचलं. कोकणाबाहेरच्यांना हसू येईल, पण पालखीच्या मानावरून आमच्याकडं भावाभावांनी वाटण्या केल्यात. तारखेच्या दिवशी आजोबा घरून डबा घेऊन जायचे, अण्णांचे वडीलही डबा घेऊन यायचे, आणि कोर्टाच्या आवारात सावली देणारा आंबा एकच असल्यामुळं दोघं त्याच झाडाखाली एकमेकांना पाठ करून जेवायचे. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण सांगणारे इतके आहेत की खरं असावं.

मग आत्याचं लग्न त्याच घरात झालं कसं? याची घरातली अधिकृत हकिकत अशी: १९६२ च्या सुरुवातीला देवळात कौल लावला, देवानं सोयरिकीला उजवा दिला, आजोबांनी दावा मागं घेतला आणि वैशाखात लग्न लागलं. देवाच्या कौलापुढं कुणाची काय टाप! आम्ही पोरं हीच गोष्ट ऐकत वाढलो. जोडीला दुसरी गोष्ट: आत्या लहानपणापासून गंगेची मोठी भक्त, म्हणून तिला असं चांगलं स्थळ मिळालं.

आजोबांचं बाजारपेठेत दुकान होतं. नारळ, कापूर, उदबत्ती, हळदकुंकू, काथ्या, सुतळी. त्यांची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मोडीत. जवाहर चौकात पुराचं पाणी शिरणं ही राजापुरात दरवर्षीची गोष्ट, त्यामुळं वह्या वरच्या पोटमाळ्यावर असत, आणि म्हणूनच त्या शाबूत राहिल्या. घरात मोडी कुणालाच येत नाही. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघाल्यामुळं मोडी वाचणाऱ्यांना सध्या बरे दिवस आहेत, पण रत्नागिरीच्या एका गृहस्थांनी वेळ दिला. कीर्दीत मिती (तिथी) आणि कार्डांवर इंग्रजी तारीख, तेव्हा वाचनालयातली त्या वर्षांची पंचांगं काढून मेळ घालावा लागला.

मेळ घातल्यावर सगळं उघडं पडलं. गंगा आली की आजोबांच्या दुकानात नारळ शेकड्यानं खपायचे. पाच कार्डांतलं सगळ्यात जुनं जे आहे, त्या आठवड्यात नारळ दोनदा मागवलेले आहेत, कापूर संपल्याची नोंद आहे, आणि एका दिवशी ‘दुकान बंद, गंगास्नान’ असंही आहे. उरलेल्या चार मित्यांना मात्र नारळ रोजच्यासारखेच, पाच-सहा. एका दिवशी तर एकही नाही. राजापुरात गंगा आली आणि बाजारपेठेत नारळ खपला नाही, असं होत नसतं. माझ्या मते पुरावा एवढ्यावर पुरा होतो.

आता खोटी कार्डं लिहिली कुणी, हा प्रश्न उरतो. आम्हा सगळ्यांना वाटलं, आत्यानंच. मी कार्ड घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, “माझं अक्षर असतं तर बापानं लांबूनच ओळखलंन असतं. हे तुझ्या आजीचं अक्षर रे.”

संपादक महाशय, आमची आजी निरक्षर होती. जमिनीचे कागद, बँक, सोसायटी, सगळीकडं तिचा अंगठा आहे. आजोबांना आलेली पत्रं तिला मोठ्यानं वाचून दाखवावी लागत, आणि ती ‘पुन्हा वाचा’ म्हणायची.

आत्यानं सांगितलं ते असं. ती तिसरीत असताना शाळेतून आली की चुलीपुढं पाटी घेऊन बसायची आणि आजी भाकरी थापता थापता तिच्याकडून अक्षरं शिकायची. म्हणूनच कार्डावरचं वळण बालबोध, पुस्तकी, एकेक अक्षर वेगळं काढलेलं. लिहिता-वाचता यायला लागल्यावरही आजीनं अंगठा सोडला नाही. का, असं आत्यानं एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली होती, “अंगठा देणाऱ्या बाईसमोर माणसं कागद उघडे टाकतात गो.” दाव्याचे कागद आजोबा चौरंगावर ठेवून अंघोळीला गेले की आजी ते वाचून काढायची. कोर्टात काय चाललंय हे आजोबांच्या वकिलाखालोखाल तिला माहीत असे.

आणि या प्रकरणाची सुरुवातही आजीनंच केली. मुंबईहून बोटीनं येताना मुसाकाजी बंदरात उतरायचं, बोटीतून पडावात (लहान होडीत), पडावातून गुडघाभर पाण्यात. आजी एकदा भावाकडून परत येत होती. बोट लागून अर्धमेली झालेली. एका पोरग्यानं तिचं बोचकं डोक्यावर घेतलं, तिला हाताला धरून काठावर आणलं, कोकमाचं सरबत पाजलं आणि गाव येईस्तोवर तिच्या मागं चालत राहिला. व्हाळाशी आल्यावर बोचकं खाली ठेवून म्हणाला, “इथून पुढं मी येत नाही, काकी.” तेव्हा आजीला उमगलं, हा कुणाचा पोर. घरी तिनं शब्द काढला नाही. दावेदाराच्या पोरानं आपल्या बायकोचं बोचकं उचललं, हे आजोबांना सोसवलं नसतं.

पुढं गंगा खरोखर आली. गावातून मुंबईच्या चाकरमान्यांना गंगेचं कार्ड टाकायची रीतच होती. आजीनं दुकानाच्या गल्ल्यातून एक कार्ड काढलं आणि त्या पोराला टाकलं. तो आला. काशीकुंडावर आजीनं त्याच्या हातात तांब्या दिला आणि “जरा धर, आणि हिच्याकडं लक्ष ठेव” असं म्हणून आत्याला तिथंच सोडून गोमुखाखाली जाऊन बसली. किती वेळ? आत्या म्हणते, “आई त्या दिवशी सात जन्मांची पापं धुवून आली.”

त्यानंतर गंगा गेली, पण कार्डं जात राहिली. व्यवस्था अशी होती: कार्ड पोचलं की येणारी पौर्णिमा किंवा अमावास्या, जी जवळ असेल ती. जागा उन्हाळ्याचा गरम झरा. तो बारमाही, आणि आजीचे गुडघे दुखायचे. पंधरा-पंधरा दिवसांनी झऱ्याचा शेक घ्यायला जायचं, सोबतीला लेक, यात कुणाला काय खटकणार? (हेच गुडघे घेऊन आजी पोटमाळ्याच्या शिडीवर पोळ्यांसाठी तूप काढायला सरसर चढायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नाही.) तिकडं गिरणीत अण्णांना रजा मिळायची तीही गंगेच्याच नावानं. मुकादम मोठा भाविक. रजा देताना बाटलीभर तीर्थ आणायची अट घालायचा. अण्णा खालच्या झऱ्याचं पाणी थंड करून न्यायचे. परळमधल्या एका देव्हाऱ्यात ते मोठ्या श्रद्धेनं पुजलं गेलं. त्या घराण्यातलं कुणी हे वाचत असेल तर अण्णांच्या वतीनं क्षमस्व. पण पाणी उन्हाळ्याचंच होतं, चढणीचा काय तो फरक.

उघडं कार्ड का, पाकीट का नाही, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, बंद पाकिटाचा वास सगळ्या बाजारपेठेला येतो. उघड्या कार्डात लपवायला काय असतं? पण यात एक घोटाळा होताच. कार्ड जाणार राजापूरच्या पोस्टातून, आणि गंगा आली की नाही हे राजापुरात कळायला कितीसा वेळ लागतो? आत्याला आठवतं, एकदा कार्ड टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाजारपेठेत कुजबुज सुरू झाली आणि सात-आठ मंडळी पंचे-तांबे घेऊन उन्हाळ्याला गेली. कुंडं ठणठणीत कोरडी. परत येताना त्यांनी एकमेकांना बरंच सुनावलं म्हणे. पोस्टातल्या कुणी ते कार्ड वाचलं होतं, हे उघड आहे. त्यानं पुढं तोंड उघडलं नाही, याबद्दल आमचं सगळं खानदान त्याचं ऋणी आहे. अशी माणसं आता कुरिअरवाल्यांत असतील का, कोण जाणे.

चौथं कार्ड आषाढातलं. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळं अण्णा एसटीनं आले. (आमची एसटी १९४८ साली सुरू झाली नसती तर हे लग्न त्या वर्षी अडलंच असतं, हे नमूद करण्याचा मोह मला आवरत नाही.) आले ते बरोबर पुरात. अर्जुना आणि कोदवली दोन्ही फुगलेल्या, उन्हाळ्याकडं जायची सोय नाही, चौकात पाणी. आजोबा दुकानात एकटेच नारळाची पोती वर चढवत होते. अण्णांना ते बघवेना. ते पाण्यातून गेले आणि काही न बोलता पोत्याला हात लावला. दोघांनी मिळून सगळा माल वर घेतला, वह्याही. मग आजोबा म्हणाले, “तू कधी आलास?”

अण्णा गडबडले. म्हणाले, “गंगा आली म्हणून ऐकलं.”

आजोबांनी मांडीभर पाण्याकडं बघितलं. “आलीय खरी. पण ही अर्जुना.”

एवढंच. पुढच्या तारखेला आजोबा कोर्टात गेलेच. आंब्याखाली पाठमोरे बसून जेवले. दोघांतल्या कुणी डब्यातलं दुसऱ्याला देऊ केल्याची वार्ता नाही. त्यानंतर थंडीत आणखी एक कार्ड गेलं, आणि पुढं कौल, दावा मागं घेणं, लग्न. कौल लावायला आजोबांना कुणी सुचवलं, हे मी आत्याला विचारलं. तिनं वर आजीच्या फोटोकडं बोट केलं. देवाच्या कौलात काही हेराफेरी झाली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

इथपर्यंत आम्ही समजत होतो की सगळ्या गावात एकट्या आजोबांना फसवलं गेलं. मोडीवाल्या गृहस्थांचं काम मात्र चालू होतं. त्यांना मी नारळ तेवढे बघायला सांगितले होते, पण माणूस चिकाटीचा, त्यांनी खर्चाची बाजूही उतरवून दिली. आजोबा नया पैसा सोडायचे नाहीत. दुकानाची पोस्टकार्डं गल्ल्यात असायची, आणि त्यांतलं प्रत्येक कार्ड कुणाला गेलं हे नावे पडायचं: अमुक पेढी, तमुक अडत्या. पाचही मित्यांच्या आगेमागे एकेक नोंद आहे. ‘नावे न. पै. ५, कार्ड १, घरात, गंगेबद्दल.’ पाचही वेळा, आषाढात, थंडीत, कुंडं कोरडी असतानासुद्धा. कार्ड आजीनं गुपचूप काढलं होतं. आजोबांनी ते मोजलं होतं, कशासाठी काढलं ते ओळखलं होतं आणि तिच्या नावावर खर्ची टाकून वही मिटली होती.

हे मी आत्याला जाऊन सांगितलं. ती बराच वेळ त्या उताऱ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लावणार. तर म्हणाली, “मग तो दावा कशाला चालवलान एवढी वर्षं? वकिलाला काय कमी पैसे गेले?”

तर, चार तारखा काढाव्यात, सर्वांत जुनी ठेवावी. अभ्यासू वाचकांना वाईट वाटू नये म्हणून सांगतो, आजोबांची कीर्द १९३८ च्या पाडव्यापासून १९७१ पर्यंत सलग आहे, आणि तिच्यात प्रत्येक खऱ्या गंगेचे नारळ लिहिलेले आहेत. चार गेल्या तरी त्यांना त्याहून जास्त मिळतील. वह्या आमच्या घरी आहेत, त्यांनी कधीही यावं. मोडी वाचणारा मात्र सोबत आणावा, आमच्या गृहस्थांचं मानधन अजून द्यायचं राहिलंय.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
(निवृत्त वाहतूक नियंत्रक, राजापूर. आत्याच्या अटीनुसार नाव छापू नये.)